शिरोडकर टाका, मॅक्डोनल्ड टाका आणि सेमाडोहची वाट

कळा नाहीत, रक्तस्रावही फारसा नाही, तरी पाचव्या-सहाव्या मासी गर्भ बाहेर पडतो आणि पुढील खेपेस पुन्हा तेच घडते. सुश्रुतसंहितेने चौथ्या मासापर्यंतचा तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातील गर्भपात असा भेद केला आहे. या दुसऱ्या प्रकारात गर्भाशयग्रीवेच्या दौर्बल्याची शंका वैद्याने प्रथम घ्यावी.

मूळचे गोव्याचे, मुंबईचे ख्यातनाम स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी १९५५ साली यावरील शस्त्रकर्म प्रसिद्ध केले. योनीची अंतस्त्वचा छेदून, मूत्राशय वर सारून, ग्रीवेच्या अंतर्मुखानजीक रुग्णेच्याच मांडीतील स्नायुआवरणाची पट्टी ते बांधीत. मेलबर्नच्या मॅक्डोनल्ड यांनी १९५७ मध्ये सोपी रीत मांडली: छेद न घेता ग्रीवेभोवती बटव्याच्या नाडीसारखा धागा ओवून आवळणे. शिरोडकर टाका अधिक उंच बसतो, म्हणून तो सरस असावा असे वाटते. पण तुलनात्मक अभ्यासांत त्याचे निर्विवाद श्रेष्ठत्व दिसलेले नाही. पूर्वी टाका निष्फळ ठरलेल्या स्त्रियांवरील ब्रिटनमधील परीक्षणात (२०२०) ३२ आठवड्यांपूर्वीची प्रसूती योनिमार्गे घातलेल्या खालच्या टाक्यात ३३ टक्के, उंच टाक्यात ३८ टक्के, तर उदरमार्गी टाक्यात केवळ ८ टक्के आढळली. उदरमार्गी टाक्यानंतर मात्र प्रसूती शस्त्रक्रियेनेच करावी लागते.

मेळघाटात निवड ठरते ती टाका काढण्यावरून. मॅक्डोनल्ड टाका ३६ ते ३७ आठवड्यांस बहुधा भूल न देता कापता येतो. त्वचेखाली दडलेल्या शिरोडकर टाक्यास अनेकदा भूल लागते. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण भुलेची सोय गाठायची तर घाट उतरून परतवाडा-अचलपूर वा अमरावती. आणि सिपनेला पूर असेल तेव्हा तेही सोपे नाही. टाका तसाच असता घरी कळा सुरू झाल्या तर ग्रीवा फाटते, क्वचित गर्भाशयही विदीर्ण होते. म्हणूनच माझ्या मते, टाका घालण्याच्या दिवशीच तो कोठे व कोण काढणार हे ठरवून आशाताईंना कळवावे.

पूर्वी असे गर्भपात झालेल्या गर्भिणीस बाराव्या आठवड्याच्या सुमारास तज्ज्ञाकडे धाडावे. फलघृत वा गर्भपाल रसाने सैल ग्रीवा आवळली जात नाही. औषधी दुकानदारांनीही गर्भपाल रस मागणाऱ्या नातेवाइकांस मास कितवा, पूर्वी काय झाले आणि टाका घातला आहे काय, एवढे अवश्य विचारावे. टाका असून कळा वा पाणी जाणे सुरू झाले असेल, तर औषधाची पुडी न बांधता गाडीची व्यवस्था आधी करावी. १०८ क्रमांक दुकानात डोळ्यांसमोर असावा.