मताचे मोल

"गोव्यातील आमदाराच्या मताचे मूल्य २० आणि उत्तर प्रदेशातील आमदाराच्या मताचे २०८, हा कसला न्याय?" नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा पाठ निघाला की हा प्रश्न हटकून येतो. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडतो. राज्याच्या लोकसंख्येस निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागावे आणि येणाऱ्या भागाकारास पुन्हा एक हजाराने. १९७१ साली गोव्याची लोकसंख्या सुमारे ७ लक्ष ९५ हजार होती. आमदार ४०, म्हणून मताचे मूल्य २०. याच रीतीने २०२२ च्या निवडणुकीत कर्नाटक व मध्य प्रदेश यांच्या वाट्यास १३१, तेलंगणास १३२, गुजरातेस १४७ आणि महाराष्ट्रास १७५ हे मूल्य आले. मते लहानमोठी दिसली, तरी त्यांच्यामागचा माणूस सर्वत्र सारखाच मोजला जातो.

लोकांनी थेट न निवडता निर्वाचकांच्या मंडळामार्फत राष्ट्रप्रमुख निवडण्याच्या या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. १७८७ साली तयार झालेल्या तेथील राज्यघटनेने ती घालून दिली. आज निर्वाचक ५३८ असून विजयास २७० लागतात. परंतु ५० पैकी ४८ राज्यांत ज्या उमेदवारास सर्वाधिक मते, त्याच्याच पदरात त्या राज्याचे सारे निर्वाचक पडतात. परिणामी २००० साली अल गोर आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात प्रतिस्पर्ध्याहून अधिक मते मिळूनही अध्यक्षपद हुकले.

इतर देशांनीही निर्वाचकांचा प्रयोग करून पाहिला. अर्जेंटिनाने १८५३ च्या घटनेत तो स्वीकारला व १९९४ च्या घटनादुरुस्तीने सोडला. फिनलंडमध्ये १९५६ साली ३०० निर्वाचकांपैकी १५१ जणांच्या मतांनी केक्कोनेन निवडून आले. एका मताने पारडे फिरले असते. तेथेही १९९४ पासून जनताच थेट अध्यक्ष निवडते. जेथे अध्यक्षाच्या हाती खरी सत्ता असते, तेथे आपल्या नि त्याच्या मधे उभा असलेला मध्यस्थ लोकांना डाचू लागतो, असे यावरून आम्हांस वाटते.

आता क्षणभर कल्पना करू या की, अमेरिकेचा 'जिंकेल त्याचे सारे' हा रिवाज आपण राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आणला. उत्तर प्रदेशात आमदार ४०३. त्यांपैकी २०२ एका बाजूस गेले की राज्याची सर्व ८३,८२४ मते त्या बाजूची. उरलेल्या २०१ आमदारांची ४१,८०८ मते पाण्यात! गोव्यात २१ आमदार एकीकडे वळले की १९ जणांची ३८० मते अशीच वाया जातील. आपल्या घटनाकारांनी हे टाळले. निर्वाचक म्हणून त्यांनी लोकांनी आधीच निवडलेले खासदार-आमदार घेतले, मतदान गुप्त ठेवले आणि प्रत्येकास पसंतिक्रम लिहिण्याची मुभा दिली.

या पसंतिक्रमाचे मोल १९६९ साली कळले. पहिल्या पसंतीच्या मोजणीत वराहगिरी व्यंकटगिरी पुढे होते. पण निम्म्याहून अधिक मते कोणासच नव्हती. तिसऱ्या स्थानी होते आपले चिंतामणराव देशमुख. मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढल्या पसंती मोजल्या, तेव्हा नीलम संजीव रेड्डी यांना मागे सारून गिरी विजयी झाले. चिंतामणराव हरले, पण त्यांना दिलेली मते वाया गेली नाहीत.

असे असले तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. फळ्यावरचा आमचा हिशेब बरोबर, पण त्यातील माणसे १९७१ सालची! २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तेच आकडे धरावेत, असे ८४ व्या घटनादुरुस्तीने ठरविले. लोकसंख्येस आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, हा हेतू रास्तच होता. तथापि वर्गात बसलेल्या एकाही मुलाची त्या मोजणीत गणना नाही. नवे आकडे येतील तेव्हा कोणाचे वजन वाढेल, कोणाचे घटेल, यावर वाद झडतील. ते ऐकताना, आकडा राज्याचा असला तरी त्यामागे माणूस आहे, एवढे भान ठेवले तरी फळ्यावरचा धडा पावला, असे आम्ही समजू.