शर्यतीची मोटार खरोखर किती पळते?

शर्यतीच्या मोटारींचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती पळते हो ती?" उत्तरही ठरलेलं, ताशी साडेतीनशे किलोमीटर. श्रोतेहो, हे उत्तर खोटं नाही. पण त्यावरून मोटारीची खरी चपळाई फारशी कळत नाही. फॉर्म्युला वनचीच दोन उदाहरणं घेऊ. २०२५ साली इटलीतल्या मोन्झा इथे मॅक्स व्हर्स्टापेनने पात्रता फेरीत ५.७९३ किलोमीटर अंतर १ मिनिट १८.७९२ सेकंदांत कापलं. म्हणजे सरासरी ताशी २६४ किलोमीटर. त्याच वर्षी मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर लँडो नॉरिसची सर्वांत जलद फेरी होती १ मिनिट ९.९५४ सेकंदांची. अंतर ३.३३७ किलोमीटर, सरासरी जेमतेम १७२. मोटारी त्याच जातीच्या, तरी फरक नव्वदचा! मोनॅकोत वळणामागून वळण येतं, एवढंच त्याचं कारण.

घरी दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याची तर पुरती फसगत होते. समोरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपलेली मोटार जागच्या जागी डुलत असल्यासारखी दिसते. बाजूचा कॅमेरा मोटारीबरोबरच वळतो, त्यामुळे तिचा वेग पडद्यावर उरतच नाही. मागची पार्श्वभूमी तेवढी पुसट होते.

मग हातात घड्याळ घेऊन मोजावं का? ताशी तीनशेने जाणारी मोटार शंभर मीटर अंतर १.२ सेकंदांत संपवते. बटण दाबताना आपला अंगठा एक-दोन दशांश सेकंद सहज चुकतो. १.२ ऐवजी १ सेकंद मोजला गेला तर उत्तर ३६० येतं, १.४ मोजला गेला तर २५७. हाच अंगठा पूर्ण फेरी मोजताना तितकाच चुकला, तर फरक पाव टक्क्याचा. म्हणून हौशी माणसाने नेहमी फेरी मोजावी.

पण आपल्याकडे घड्याळापेक्षा चांगलं एक साधन आहे, ते म्हणजे कान. रेल्वेच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आठवा. गाडी जवळ येते तेव्हा स्वर चढा असतो, समोरून निघून गेली की एकदम उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. स्वर किती उतरला, यावरून वेग काढता येतो. २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मी भाचीला घेऊन गेलो होतो. ती संवादिनी शिकत होती. तिला म्हटलं, मोटार निघून गेल्यावरचा स्वर षड्ज धर आणि येतानाचा कोणता ते सांग. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटाकडे ती म्हणाली, "मामा, धैवत!" शुद्ध धैवतावरून षड्ज म्हणजे ताशी सुमारे ३१० किलोमीटर. पंचमावरून षड्जावर आला तर अडीचशेच्या आसपास, गंधारावरून आला तर १४०. एवढंच पाहायचं की त्याच क्षणी चालकाने गिअर बदललेला नसावा. नाहीतर गणित बिघडतं. माझ्या मते शाळेत डॉप्लर शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही, फक्त तिकीट महाग आहे.

आता पिकअपकडे, म्हणजे शास्त्राच्या भाषेत त्वरणाकडे, वळू. बाराव्या-तेराव्या मजल्यावरून दगड सोडला, तर जमिनीवर पोहोचेपर्यंत २.८ सेकंदांत त्याचा वेग ताशी शंभर होतो. फॉर्म्युला वनची मोटार सपाट जमिनीवर या दगडाला मागे टाकते. तिला लागतात साधारण २.६ सेकंद. मात्र या पहिल्या शंभरात इंजिनाची परीक्षा होत नाही, टायरच्या पकडीची होते. ताकद भरपूर असते, पण सगळी लावली तर चाकं जागेवरच फिरतात. खरं नवल दुसऱ्या शंभराचं. शंभरावरून दोनशेवर जायला पहिल्या शंभराच्या तिप्पट ऊर्जा लागते, तरी वेळ लागतो दोन सेकंदांच्या आसपास. वेग वाढतो तसे पुढचे-मागचे पंख हवेच्या जोरावर मोटारीला रस्त्यावर दाबतात, पकड वाढते आणि इंजिनाला मोकळीक मिळते. वाहनांच्या जाहिरातीत "शून्य ते शंभर" वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

विजेवर धावणाऱ्या फॉर्म्युला ई शर्यतीचंच पाहा. २०२४-२५ च्या हंगामातली तिची मोटार शून्यावरून ताशी ९६ किलोमीटर वेग १.८२ सेकंदांत गाठते, असं संयोजक सांगतात. म्हणजे सुटताना ती फॉर्म्युला वनलाही मागे टाकेल. पण मोनॅकोच्या त्याच रस्त्यावर फॉर्म्युला वनची मोटार एका फेरीत तिच्यापेक्षा दहा सेकंदांहून अधिक जलद आहे. हे सेकंद मिळतात वळणात आणि ब्रेक मारताना. सिल्व्हरस्टोनचं कॉप्स नावाचं वळण या मोटारी अडीचशेच्या वर वेगात घेतात आणि चालकाच्या मानेवर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट ओढ येते.

हा हिशेब केवळ हौसेचा नाही. सुरक्षिततेची भिंत ट्रॅकपासून किती लांब हवी, हे ठरवणाऱ्याला मोटारीचा त्या ठिकाणचा वेग अचूक माहीत असावा लागतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडीचशेऐवजी तीनशे म्हटलं की ती जवळजवळ दीडपट होते. इटलीतल्या इमोला इथे ताम्बुरेलो नावाचं वळण होतं. मोटारी ते जवळपास पूर्ण वेगात घेत, आणि बाहेरची भिंत फार जवळ होती. भिंतीमागे ओढा असल्याने ती मागे सरकवणं सोपं नव्हतं. १ मे १९९४ रोजी आयर्टन सेनाची मोटार तिथेच भिंतीवर आदळली आणि तो दगावला. पुढच्या वर्षी इंजिनाची क्षमता साडेतीन लिटरवरून तीन लिटरवर आणली गेली. ताम्बुरेलोच्या जागी डावी-उजवी नागमोडी वळणं बांधली गेली, आणि तिथे येण्याआधी प्रत्येकाला जोरात ब्रेक मारावा लागू लागला.