हजेरीपटावरचं मधलं नाव

वडील जाऊन तिसरा दिवस. आत बायका भिंतीला टेकून बसल्यात, आणि सात वर्षांचं पोर बाहेर गल्लीत बॅट घट्ट धरून 'मी आउट नाहीच' म्हणून भांडतंय. दारातून कुणीतरी कुजबुजतं, "लेकराला अजून कळलंच नाही."

कळलेलं असतं. रात्री हाच मुलगा वडिलांच्या चपला गुपचूप आपल्या अंथरुणाशी आणून ठेवतो. मोठ्यांचं दुःख म्हणजे आषाढाची झड, लागली की चार दिवस उघडत नाही. मुलांचं श्रावणाच्या सरीसारखं असतं. आत्ता डोळे भरलेले, पाच मिनिटांनी ऊन, पुन्हा सर. एवढंसं मन एका वेळी पेलेल तेवढंच दुःख घेतं आणि मग खेळायला पळतं. ही सोय त्याला कुणी शिकवलेली नसते.

मृत्यू मुलांच्या डोक्यात कसा आकार घेतो हे मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमध्ये मुलांनाच विचारलं. तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांशी गप्पा, त्यांची चित्रं, त्यांचे निबंध. लेख छापून आला १९४८ साली. पाचाच्या आतल्या मुलांना मेलेला माणूस म्हणजे झोपलेला किंवा गावाला गेलेला. त्याहून मोठ्या बऱ्याच मुलांना मृत्यू हा येऊन घेऊन जाणारा कुणी माणूस वाटे. (आपल्याकडे तो रेड्यावर बसून येतो, एवढाच फरक.) मृत्यू सगळ्यांनाच येतो, हे नवव्या वर्षाच्या सुमारास कळतं, असं त्यांना दिसलं. पुढच्या अभ्यासकांना ही समज त्याआधीच येताना दिसली. पण लहान मूल शब्द जसाच्या तसा घेतं, हे खरंच. 'बाबा देवाघरी गेले' म्हटलं की ते विचारतं, "दिवाळीला येतील?" 'झोपले' म्हटलं की स्वतः झोपायला घाबरतं. आणि रागाच्या भरात 'मर' म्हटलं होतं म्हणून बाबा गेले, अशी एक भयंकर समजूत काही मुलं कुणाला न सांगता वागवत असतात.

अमेरिकेतल्या डगी नावाच्या आजारी मुलाने एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टर बाईंना पत्र लिहून विचारलं होतं, लहान मुलांना का मरावं लागतं? त्यांनी रंगीत पेनांनी चित्रं काढून उत्तर पाठवलं. डगी गेल्यावर १९८२ साली त्याच्या नावाने पोर्टलंड शहरात एक केंद्र निघालं. जवळचं माणूस गेलेली मुलं एकत्र जमतात, खेळतात, वाटलं तर बोलतात. भिंतींना गाद्या लावलेली एक खोलीही आहे, नाव 'ज्वालामुखी'. तिथे हवी तेवढी आदळआपट करायची मुभा!

आपल्याकडे मोठ्यांसाठी दुःखात एकत्र येण्याची सोय फार जुनी आहे. घरात चूल पेटत नाही, शेजारी आणि भावकी पिठलं-भाकरी आणतात, दहाव्याला कावळ्याची वाट बघतात, शेवटी गोडाचं जेवण. माणसाला दहा-तेरा दिवस एकटं न सोडण्याची ही युक्ती मला थक्क करते. पण तिच्यात मुलाला जागा कुठे? त्याला मावशीकडे पाठवतात. चौदाव्या दिवशी माणसं पांगतात, आणि पोर शाळेत जातं.

शाळेचा रोजचा ठरलेला क्रम तेव्हा आधाराला येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने त्या भागातली बाराशे मुलं पुण्याला आणली, वाघोलीत त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. सकाळची घंटा, वर्ग, जेवणाची पंगत. घर मोडलेल्या मुलाला उद्या काय होणार हे आधीच माहीत असणं, हीच केवढी चैन!

पण शाळेतही काटे असतात. 'माझे बाबा' हा निबंध. पालकसभेची चिठ्ठी. आणि महाराष्ट्रातल्या हजेरीपटावर तर बहुतेक मुलांच्या नावाच्या मधोमध वडीलच उभे. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या हे अचानक ध्यानात आलं. त्या पूर्ण नावाने हजेरी घेतात. वर्गाबाहेर व्हरांड्यात त्यांनी वडील गेलेल्या एका मुलाला विचारलं, "तुझं नुसतंच नाव घेऊ का रे, बाळा?"

तो बुटाचं टोक फरशीवर घासत राहिला. मग म्हणाला, "नको बाई. पूर्णच घ्या."