खडीच्या रस्त्यावर दुचाकी : नुसते 'सावकाश जा' पुरेसे नाही



आपल्यापैकी बहुतेकांचे घर बेळगावात असले तरी मूळ गाव, शेत, कुलदैवत किंवा लेकीचे सासर तालुक्यात कुठेतरी आत असते. खानापूरकडे जा, जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जा किंवा शिनोळीवरून चंदगडच्या बाजूला जा, मुख्य रस्ता सोडून गावाच्या फाट्याला वळले की खडी लागतेच. पावसाळ्यात डांबर उखडते म्हणून खडी, दिवाळीनंतर दुरुस्ती सुरू होते म्हणून खडी, आणि काही ठिकाणी डांबर अजून पोचलेलेच नाही म्हणून खडी.

मुलगा गाडी काढताना आपण दारातून सांगतो, "सावकाश जा रे." सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खडीवर वीसच्या वेगाने चाललेली गाडीही आडवी होते, आणि दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेला गवळी त्याच रस्त्यावरून रोज सकाळी बिनधास्त येतो. बँकेत असताना पीककर्ज आणि विहिरीच्या कर्जांच्या तपासणीसाठी मला अशा रस्त्यांवरून बरीच वर्षे मोटारसायकलने फिरावे लागले. तेव्हा या दूधवाल्यांची गाडी चालवण्याची पद्धत मी मुद्दाम बघत असे. वेगापेक्षा त्यांच्या पद्धतीत जास्त शहाणपण होते. ती पद्धत का उपयोगी पडते, हे समजावे म्हणून हा लेख.

पकडीचे खाते

गाडीचे चाक रस्त्याला धरून असते ते घर्षणामुळे. याला आपण 'पकड' म्हणू. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक चाकाच्या नावाने पकडीचे एक खाते असते. ब्रेक मारला की त्यातून काही रक्कम जाते, वळण घेतले की जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी जाते. खाते मात्र एकच. कोरड्या चांगल्या डांबरावर शिल्लक भरपूर असते, त्यामुळे वळताना थोडा ब्रेक मारला तरी चालून जाते. सुट्या खडीवर शिल्लक साधारण निम्मी उरते, कारण टायरखालचा खडाच जागेवर राहत नाही, गोळीसारखा गरंगळतो. अशा वेळी वळण आणि ब्रेक हे दोन धनादेश एकदम आले तर खाते उघडे पडते. मग चाक घसरते आणि गाडी आडवी होते.

यातून पहिला नियम निघतो. खडीवर एका वेळी एकच काम करावे. आधी सरळ रेषेत वेग कमी करावा, मग वळावे, आणि गाडी पुन्हा सरळ झाल्यावरच वेग वाढवावा.

थांबायला किती जागा लागते

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर म्हैस आडवी आली, ती दिसली आणि हात-पाय ब्रेकवर गेले, यातच एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ११ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर थांबायला साधारण ९ मीटर लागतात. खडीवर पकड निम्मी धरली तर १८ मीटर. एकूण हिशेब डांबरावर २० आणि खडीवर २९ मीटर.

आता वेग ताशी २० केला तर? खडीवर पहिल्या सेकंदात साडेपाच आणि ब्रेकनंतर साडेचार, असे १० मीटरमध्ये काम होते. वेग निम्मा केला की ब्रेकचे अंतर निम्मे नव्हे, पाव होते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात कमी होतो. 'सावकाश जा' या सल्ल्यातला खरा अर्थ हा आहे.

पुढचा ब्रेक की मागचा?

डांबरावर पुढचा ब्रेक जास्त काम करतो, कारण ब्रेक मारल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते. खडीवर हीच सवय महागात पडते. पुढचे चाक लॉक होऊन घसरले की हँडल फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. मागचे चाक घसरले तर गाडीची शेपटी थोडी हलते, पण ब्रेक सैल केला की गाडी पुन्हा रेषेत येते. म्हणून खडीवर मुख्य भार मागच्या ब्रेकवर ठेवावा. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू दाबत न्यावा, आणि तोही हँडल सरळ असतानाच.

यात नव्या गाड्यांची एक गोष्ट लक्षात घ्यावी. एप्रिल २०१९ मध्ये १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. स्कूटरवर हे काम डाव्या हाताच्या ब्रेकने होते. म्हणून 'मी फक्त मागचाच ब्रेक मारतोय' असे समजून तो जोरात आवळू नये. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे हँडल ताब्यात राहते. पण सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. एबीएस आहे म्हणून वेग वाढवणे हा चुकीचा हिशेब आहे.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय पेट्रोल वाचवण्यासाठी अनेकांना असते. खडीच्या उतारावर ती पूर्ण सोडावी. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले तर इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक कमी लागतो.

हात, गुडघे आणि नजर

खडीवर पुढचे चाक थोडे डावी-उजवीकडे डुलतेच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. चाक आपणहून सरळ होऊ पाहते, फक्त आपण त्याला तेवढी मोकळीक द्यायला हवी. घाबरून हँडल घट्ट आवळले, हात ताठ केले की डुलणे वाढते. हात सैल, कोपर किंचित वाकलेले ठेवावेत आणि गाडी धरायची ती गुडघ्यांनी, टाकीला दोन्ही बाजूंनी चिकटवून. स्कूटरला टाकीचा आधार नसतो, म्हणून स्कूटरवाल्यांनी वेग आणखी कमी ठेवावा.

नजर पुढच्या चाकासमोर न ठेवता पंधरा-वीस मीटर पुढे ठेवावी. जिकडे आपण बघतो तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो.

रस्त्यावर मोठ्या गाड्यांच्या चाकांनी दोन पट्टे घट्ट झालेले असतात आणि मधे खडीचा उंचवटा साचतो. चालावे पट्ट्यातून. पट्टा बदलायची वेळ आलीच तर वेग कमी करून, उंचवट्याला घासत न जाता थोडे तिरके वळून तो स्पष्टपणे ओलांडावा. जाड खडीत अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नये. वजन पुढच्या चाकावर येऊन ते रुतते. दुसऱ्या गिअरमध्ये हलकी, एकसारखी चाल ठेवावी.

कुठे विशेष सावध राहावे

सलग खडीच्या रस्त्यावर माणूस सावध असतो. घात होतो तो डांबरावर मधेच खडी येते तिथे. फाट्याच्या तोंडाशी, शेतातली वाट रस्त्याला मिळते तिथे, वळणाच्या बाहेरच्या कडेला आणि नव्या डांबरावर बारीक खडी पसरलेली असते तिथे. समोरून बस आली म्हणून साइडपट्टीवर उतरायचे असेल तर आधी वेग कमी करावा. परत डांबरावर चढताना कडा उंच असेल तर तिला समांतर राहून चढू नये. चाक कडेला घासत राहते आणि गाडी झोपते.

ऊस वाहणारा ट्रॅक्टर किंवा खडीचा ट्रक पुढे असेल तर धुळीतून ओव्हरटेक करू नये. धुळीत समोरचे वाहन दिसत नाही आणि टायरखालचा खडा तोंडावर येतो. हेल्मेटची काच खाली ठेवावी. पावसात तांबड्या मातीवरची खडी आणखी वाईट, कारण खाली चिखल असतो.

मागे बसणारे आणि चाकातली हवा

आपल्याकडे गावची फेरी एकट्याची नसते. मागे आई असते, सूनबाई असते, मांडीवर नातू असतो आणि हँडलला नारळाची पिशवी. हँडलला काहीही अडकवू नये. साडी नेसून एका बाजूला बसल्याने वजन एकीकडे पडते आणि गाडी घसरली तर पाय टेकवायलाही संधी नसते. खडीचा पट्टा छोटा असेल तर मागच्या माणसाला उतरवून, चार पावले चालायला लावण्यात कसलाही कमीपणा नाही.

हेल्मेट दोघांनाही कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते आयएसआय चिन्हाचेच हवे. चार वर्षांखालील मुलासाठी २०२३ पासून हेल्मेट आणि सेफ्टी हार्नेसचा नियम आहे, आणि तेव्हा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त चालत नाही. खडीवर तर २० पुरे.

टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. हा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. हवा जास्त झाली की टायर फुगून कडक होतो, रस्त्याला कमी टेकतो आणि पकड आणखी कमी होते. टायर गुळगुळीत झाला असेल तर तो बदलण्याचा खर्च दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही.

अपघात दिसलाच तर

जखमी माणसाला घाईने उठवून बसवू नये. मानेला मार असू शकतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये. १०८ किंवा ११२ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने थांबायचे टाळू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेले आहे.

सराव

हे सगळे वाचून हाताला येत नाही. एखाद्या रविवारी सकाळी मुलाला किंवा मुलीला घेऊन मोकळ्या मुरमाड मैदानावर जावे. पंधरा-वीसच्या वेगात सरळ रेषेत फक्त मागचा ब्रेक दाबून चाक किती दाबाला घसरते आणि सोडल्यावर कसे सावरते, हे दहा वेळा करून पाहावे. मग पुढचा ब्रेक अगदी हलका. मग आधी वेग कमी करून, नंतर वळणे. अर्ध्या तासात पायाला आणि बोटांना अंदाज येतो. गणपतीला गावी जाण्याआधी एवढा अर्धा तास प्रत्येक घराने काढावा, ही विनंती.