उन्हाने पुसलेले आकडे

दिल्लीच्या करोल बागेतील नाईवाला गल्लीत मोटारसायकली व स्कूटरी यांच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने वसलेली आहेत. तेथील कारागिरांना परिचित असलेला एक दोष मोठा चमत्कारिक आहे. वाहन उत्तम चालते, दिवे लागतात. परंतु मीटरच्या काचेवरील आकडे दिवसेंदिवस फिके होत जाऊन अखेर दिसेनासे होतात. वेग किती, टाकीत पेट्रोल किती, हे चालकास कळेनासे होते. अशा वेळी संपूर्ण मीटर बदलण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. वस्तुतः बिघाड कागदाएवढ्या पातळ पापुद्र्यात असण्याचा संभव असतो.

आकडा कसा उमटतो?

१८८८ साली फ्रीड्रिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास एक विलक्षण पदार्थ आढळला. तो १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ होई आणि १७८.५ अंशांना एकाएकी स्वच्छ होई. या मधल्या अवस्थेस पुढे 'द्रव-स्फटिक' हे नाव मिळाले. असे पदार्थ द्रवाप्रमाणे वाहतात, परंतु त्यांचे रेणू स्फटिकातल्याप्रमाणे शिस्तीने एका दिशेस रोखलेले असतात.

मीटरमध्ये दोन काचांच्या दरम्यान अशा पदार्थाचा, मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीचा थर असतो. दोन्ही काचांच्या बाहेरील अंगास एकेक ध्रुवणपट्टी चिकटविलेली असते. ध्रुवणपट्टी म्हणजे प्रकाशाची चाळणीच होय. एका विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाशच ती पलीकडे जाऊ देते. या दोन चाळण्या परस्परांशी काटकोनात बसविलेल्या असतात. मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे वळत गेलेले असल्यामुळे प्रकाशाची कंपनदिशाही ९० अंशांनी वळते व तो दुसऱ्या चाळणीतून सुखरूप बाहेर पडतो. म्हणून पृष्ठभाग उजळ दिसतो. जेथे विद्युत्दाब दिला जातो, तेथे रेणू ताठ उभे राहतात, वळण नाहीसे होते, प्रकाश अडतो आणि काळी रेघ उमटते. अशा सात रेघांतून शून्य ते नऊ हे सारे आकडे साकारतात.

ऊन काय करते?

ध्रुवणपट्टी ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर आयोडिन चढवून तयार करतात. दिल्लीत मे-जूनमध्ये हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास पोचते आणि उघड्यावर उभ्या केलेल्या वाहनाचे मीटर हवेपेक्षाही अधिक तापते. मागून पावसाळी दमटपणा येतो. उष्णता, आर्द्रता व जंबुपार किरण यांच्या संयुक्त माऱ्याने आयोडिनची रांग विस्कटते. मग चाळणी सर्वच प्रकाश जाऊ देते. रेणू पूर्ववत उभे राहत असतात, आकडा तेथेच असतो. तो डोळ्यांस दाखविणारी पट्टी मात्र निकामी झालेली असते.

प्रथम परीक्षा, मग दुरुस्ती

सर्व दोष एकाच जातीचे नसतात. भर दुपारी पडदा काळवंडून सायंकाळी पूर्ववत होत असेल, तर तापलेल्या द्रव-स्फटिकाची शिस्त तात्पुरती मोडलेली असते. वाहन सावलीत ठेवणे हाच उपाय होय. काही रेघाच गळत असतील, तर काच व विद्युत्मंडल यांना जोडणारी रबरी पट्टी तपासावी. शाईसारखा डाग पसरला असेल, तर काच फुटलेली आहे. सर्वच आकडे फिके असतील, तर ध्रुवणपट्टीचा तुकडा काचेपुढे धरून हळूहळू फिरवावा. आकडे प्रकट झाले, की निदान पक्के झाले.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवितात. मीटर उघडून जुनी पट्टी पाते जवळजवळ आडवे धरून सोलतात आणि उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या मऊ फडक्याने टिपतात. रबरी पट्टीस बोट लावू नये. नवी पट्टी कापण्यापूर्वी मीटर चालू करून ती काचेवर फिरवून पाहणे अगत्याचे असते. कारण ९० अंशांची चूक झाल्यास काळ्या भूमीवर उजळ आकडे दिसतात. योग्य दिशेची खूण करून मगच पट्टी कापावी व एका कडेपासून, हवेचे बुडबुडे न राहतील अशी बसवावी. शेवटी आवरण पाणी न शिरेल असे बंद करावे. वाहन हमीच्या मुदतीत असल्यास मात्र हे काम अधिकृत कार्यशाळेकडेच सोपवावे.

या खटाटोपात केवळ पैशांचीच बचत होते असे नाही. अनेक वाहनांत धावलेल्या किलोमीटरांची नोंद मीटरमधील स्मृतिघटकात साठविलेली असते. संपूर्ण मीटर बदलले, तर ती नोंद जुन्या मीटरबरोबर जाऊ शकते आणि पुढे वाहन विकत घेणाऱ्यास त्याचे खरे वय कळत नाही. पट्टी बदलल्याने नोंद अबाधित राहते आणि एक चांगले यंत्र कचऱ्यात जाण्यापासून वाचते. आकडा का दिसत नाही, एवढा एक प्रश्न आधी विचारल्याचे हे फळ होय.