तोलसांखळीची निवड आणि जोड

ज्या वस्तूविषयीं आज बोलावयाचें आहे ती आपणांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिली असेल. मोटारसायकलीचें मागचें चाक फिरविणारी सांखळी रस्त्यावरचें पोरहि ओळखतें. परंतु कांहीं इंजिनांच्या पोटांत, तेलांत भिजत, आणखी एक सांखळी फिरत असते. इंजिनाचा हादरा मारणारीं वजनें ती फिरविते, म्हणून मी तिला तोलसांखळी म्हणतों. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. पण गेल्या पावसाळ्यांत भाच्याच्या गाडीपायीं ही सांखळी मला शिकावी लागली, आणि त्या वेळीं जी धास्ती घेतली तीच या भाषणास कारण झाली आहे.

प्रथम हादरा येतो कोठून तें पाहूं. दट्ट्या नळकांड्यांत वर-खालीं धांवतो. क्रँकच्या दर फेऱ्यास तो दोनदां थांबतो व उलट दिशेस परततो. मिनिटास चार हजार फेरे धरले तर हें थांबणें-परतणें आठ हजार वेळां होतें, आणि प्रत्येक वेळीं त्याची ओढ साऱ्या सांगाड्यास बसते. क्रँकवर दट्ट्याच्या उलट बाजूस वजन ठेवलें म्हणजे ही ओढ कमी होते खरी; परंतु तें वजन गोल फिरतें, म्हणून वर-खालीं जेवढा धक्का वांचला तेवढाच पुढें-मागें नवा उत्पन्न होतो. यावर युक्ति अशी कीं, क्रँकवर निम्मेंच वजन घालावें व उरलेलें निम्में क्रँकच्या उलट दिशेनें, तितक्याच वेगानें फिरणाऱ्या वजनांकडे सोंपवावें. उलट फिरणारीं हीं वजनें वर-खालीं एकमेकांस साहाय्य करतात आणि पुढें-मागें एकमेकांचा धक्का मारतात. दंतचक्राचा एक दांता जरी चुकला तरी हा हिशेब बिघडतो. चक्रास अठरा दांते आहेत असें समजा; एका दांत्याचा अर्थ वीस अंश. वीस अंशांनीं चुकलेलें वजन हादरा पुरता मारीत नाहीं, उलट स्वतःचा थोडा त्यांत मिसळतें.

हीं वजनें फिरविण्यासाठीं हल्लीं बहुधा दांतेरी चाकेंच वापरतात. आपल्याकडील रॉयल एन्फील्डची 2016 सालची हिमालयन किंवा 2020 सालची मीटिअर 350 या गाड्यांना तोलदंड आहे, पण सांखळीची कटकट नाहीं. सांखळीची रीत मुख्यतः 1970 नंतरच्या जपानी गाड्यांची. यामाहाची 1973 ची टीएक्स 750, कावासाकीची 1974 ची केझेड 400, होंडानें 1977 सालीं काढलेली 400 सी.सी.ची जोडनळीची गाडी, आणि पुढें 1987 पासूनची कावासाकी केएलआर 650, हीं तिचीं ठळक उदाहरणें. यामाहाच्या गाडींत तोलवजनें तेल घुसळून त्याचा फेंस करीत आणि इंजिन तापे, अशी तिची ख्याति झाली. युक्ति उत्तम असून अंमलांत कशी फसते याचा तो धडाच आहे.

माझ्या भाच्यानें अशीच एक जुनी, दोन नळकांड्यांची जपानी गाडी हौसेनें घेतली. भाईंदर पूर्वेस आमच्या घराखालीं ती उभी राही, आणि मंद चालींत तिच्या पोटांतून डब्यांत खडे हलवावे तसा आवाज येई. ताणणीचा स्क्रू फिरविला कीं आवाज बंद. महिन्याभरानें पुन्हां सुरू. शेवटीं ताणणीच संपली, म्हणजे ताणावयास जागाच उरली नाहीं. सांखळी ताणली गेली, असें आपण म्हणतों. वस्तुतः पोलाद तेवढें ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांत पिन आणि तिच्या भोंवतालचें बुश झिजतें. सांध्यास पांच शतांश मिलिमीटर झीज धरली तरी ऐशीं सांध्यांची चार मिलिमीटर होते. डोळ्यांना न दिसणारी ही झीज कानांना मात्र आधीं कळते.

एका मिस्त्रीनें सांखळी बदलून दिली. "मामा, आतां आवाज अगदीं बंद!" असें सांगत भाचा आला. चौथ्या दिवशीं घोडबंदर रस्त्यावर इंजिनांत खट् असा आवाज झाला. मुलानें शहाणपण करून तत्क्षणीं गाडी बंद केली आणि टेम्पोंतून घरीं आणली. उघडून पाहतों तों सांखळीच्या जोडास रिवेट नव्हती. मागच्या चाकाच्या सांखळीला असतें तसलें क्लिपचें चेनलॉक घातलेलें होतें. क्लिप निसटून तेलाच्या जाळींत वांकडी होऊन पडली होती आणि जोडाची बाहेरची पट्टी निम्मी सुटली होती. आणखी दोन मैल गाडी धांवली असती तर सांखळी तुटून क्रँकभोंवतीं गुंडाळली असती. इंजिन अडकलें कीं मागचें चाक अडकतें, आणि त्या रस्त्यावर मागून ट्रक येत असतात. माझी बहीण त्या दिवशीं जेवली नाहीं.

मागच्या चाकावर क्लिप चालते, कारण ती रोज डोळ्यांसमोर असते आणि तिचें बंद टोंक चालीच्या दिशेस ठेवलें कीं ती सहसा निघत नाहीं. इंजिनांत ती दिसतहि नाहीं, आणि सांखळी भिंतीच्या इतकी जवळून जाते कीं क्लिपची जाडीहि घासूं शकते. आंत रिवेटच हवी.

आतां निवड. गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकांत सांखळीचा क्रमांक व कड्यांची संख्या दिलेली असते. जुन्या सांखळीच्या पट्टीवरहि छाप असतो. पहिलें माप दोन पिनांमधील अंतराचें. लहान सांखळ्यांत तें 6.35 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, असतें. दुसऱ्या जातींत 7.774, तिसऱ्या जातींत बरोबर 8. शेवटच्या दोन सांखळ्या हातांत घेतल्या तर जुळ्या बहिणीच! पण फरक 0.226 चा आहे. दहा कड्यांवर सव्वादोन मिलिमीटर भरतो, आणि चुकीची सांखळी दांत्यांवर चढूं लागते. म्हणून एक कडी मोजूं नये, दहा मोजाव्या. आणि झिजलेल्या सांखळीचें माप नेहमीं थोडें जास्त येतें हेंहि ध्यानांत ठेवावें. दुसरें, पट्ट्यांच्या आंतील रुंदी. तिसरें, पिनेवर फिरता रूळ आहे कीं नुसतें बुश; दांत्यांची खांच त्यावरच बेतलेली असते. तोलसांखळी आंतून आणि पाठीवरूनहि चक्रांस धरते, त्याशिवाय वजनें उलट फिरणार नाहींत; म्हणून एकाच बाजूस दांते असलेली मूक सांखळी येथें निरुपयोगी. रबरी कडीची बाहेरची सांखळी कितीहि महाग असली तरी ती येथें चालत नाहीं. आणि आमच्याकडे खाडीची व मिठागरांची हवा. उघडी टांगलेली सांखळी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये, तेलाच्या बंद पुडींतलीच घ्यावी.

इंजिन अन्य कारणानें पुरतें उघडणारच असेल तर कारखान्यांतून अखंड आलेली, जोड नसलेली सांखळी घालावी. माझें मत विचाराल तर तेंच सर्वोत्तम. तसें नसेल तर जोडावी लागते. बॅटरीची तार काढून, दट्ट्या अगदीं वर आणून क्रँकची व तोलवजनांची खूण जुळते कीं नाहीं तें पाहावें. खालच्या पोकळींत स्वच्छ चिंध्या कोंबाव्या, कारण तेथें पडलेला लोखंडाचा एक कण पुढें बेअरिंग खातो. पिनेचें डोकें घासून ती दाबयंत्रानें बाहेर काढावी. नव्या सांखळीचें टोंक जुनीच्या टोंकास तात्पुरतें बांधून, दोन्ही टोंकें ताणून धरून, क्रँक हळूहळू फिरवीत नवी आंत ओढावी. एकट्यानें हें काम करूं नये. मग सर्व खुणा नव्यानें जुळवून जोडकडी घालावी.

रिवेट करतांना मला शेजारच्या एका भांडीकारागिराचा फार उपयोग झाला. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ, आणि कढईचे कान रिवेटनेंच बसवितात. तो म्हणाला, "मास्तर, हातोड्यानें ठोकायला खालीं ऐरण पाहिजे, तुमच्या इंजिनांत ती कुठं आहे?" नेमकें मर्म हेंच. अधांतरीं लोंबणाऱ्या सांखळीवर ठोका मारला तर तो बेअरिंगला बसतो. शिवाय जोडकडीची पिन सर्वांगीं कठीण असते, फक्त टोंक मऊ व पोकळ ठेवलेलें असतें. म्हणून शंकूसारख्या अणीच्या दाबयंत्रानें तेवढें टोंकच पसरवावें. आधीं पट्टी शेजारच्या कड्यांच्या रुंदीइतकीच आंत बसवावी. फार दाबली तर कडी आंखडते. टोंक पसरण्यापूर्वीं व नंतर व्हर्नियरनें व्यास मोजावा. कारखान्याच्या पुस्तकांत किती वाढला पाहिजे तें दिलेलें असतें. काठावर चीर दिसली तर ती पिन फेंकून दुसरी जोडकडी घ्यावी, काटकसर करूं नये. मग जोड बोटानें वाकवून पाहावा. शेजारच्या कडीइतकाच तो सैल हलला पाहिजे. शेवटीं चिंध्या मोजून बाहेर काढाव्या, ताणणी बसवावी, आणि मगच क्रँक हातानें दोन फेरे फिरवून खुणा पुन्हां पाहाव्या.

आम्हांस या कामास दोन रविवार लागले. पांचशे किलोमीटरनंतर तेल काढून तें पांढऱ्या फडक्यांतून गाळलें. चुंबकाला करड्या पुडीची एक पुसट रेघ तेवढी लागली. भाचा आतां काशीमिऱ्यापलीकडे जातो तेव्हां निघण्यापूर्वीं इंजिन मंद चालींत ठेवून मला खालीं बोलावतो, आणि मी जिन्यांत उभा राहून कान देतों.