प्रोग्रॅमच्या पोटातली चित्रं

विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये आजही ‘मोरआयकॉन्स’ नावाची एक डीएलएल, म्हणजे संकलित लायब्ररी असते. तिच्यात प्रामुख्याने चित्रंच आहेत : लोटस, डीबेस, टर्बो पास्कल अशा डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमांचे आयकॉन. १९९२ साली विंडोज ३.१ आलं, तेव्हा कचेऱ्यांमधलं बरंचसं काम अजून याच प्रोग्रॅमांवर चाले. त्यांना स्वतःचं चित्र बाळगायची सोय नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टने ती सगळी एका लायब्ररीत भरून दिली.

प्रोग्रॅमने आपलं चित्र स्वतःजवळच ठेवावं, ही कल्पना १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये ठसठशीतपणे उतरली होती. मॅकवरच्या फाइलला दोन शाखा असत : एक डेटाची, दुसरी रिसोर्सची, म्हणजे चित्रांसारख्या साहित्याची. रिसोर्सचा कारभार पाहणारा भाग ब्रूस हॉर्न यांनी लिहिला आणि सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ ठिपक्यांच्या चौकटीत चित्रं काढली. काळं किंवा पांढरं एवढाच पर्याय, त्यामुळे एक चित्र १२८ बाइटांत मावे. पुढे विंडोज ३.० साठीही केअर यांनीच आयकॉन रेखाटले. मॅकच्या रचनेत एक उणीव मात्र होती. फाइल दुसऱ्या प्रणालीच्या डिस्कवर गेली की रिसोर्सची शाखा गळून पडे आणि चित्रं हरवत. विंडोजने शाखा न पाडता कोड आणि चित्रं एकाच सलग फाइलमध्ये ठेवली. मला हा निर्णय जास्त दूरदृष्टीचा वाटतो.

घडतं ते असं. आरसी नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये आयकॉनचा क्रमांक आणि त्याच्या फाइलचं नाव लिहायचं. रिसोर्स कंपायलर त्याचं संकलन करतो आणि लिंकर ते लायब्ररीच्या राखीव विभागात बसवतो. आत तीन पायऱ्यांची मांडणी असते : प्रकार, क्रमांक किंवा नाव, आणि भाषा. तिसऱ्या पायरीवर मराठीचाही स्वतंत्र क्रमांक आहे, ११०२. आयकॉन सहसा सगळ्या भाषांना एकच असतो. मेनू आणि सूचनांच्या मजकुरासाठी ही पायरी खरी उपयोगी पडते.

वाचणारा अडखळतो तो ‘प्रकार’ या पायरीवर. एक आयकॉन म्हणजे एक चित्र नव्हे, तर १६, ३२, ४८, २५६ अशा वेगवेगळ्या मापांचा संच. प्रत्येक माप प्रकार ३ खाली सुटं ठेवलेलं असतं आणि त्यांची यादी प्रकार १४ खाली. सुट्या आयको फाइलमधल्या यादीत प्रत्येक नोंद १६ बाइटांची. शेवटचे चार बाइट चित्र फाइलमध्ये कुठे सुरू होतं ते सांगतात. लायब्ररीत हीच नोंद १४ बाइटांची होते आणि शेवटी दोन बाइटांत चित्राचा क्रमांक येतो. त्यामुळे बाइट जसेच्या तसे उचलून आयको फाइल तयार होत नाही, यादी नव्याने बांधावी लागते. शिवाय रुंदीला एकच बाइट राखलेला. त्यात २५६ मावत नाही, म्हणून तिथे शून्य लिहितात.

बाहेरून क्रमांक देतानाही जपावं लागतं. लायब्ररीच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन नुसता आकडा लिहिला तर तो रांगेतली जागा दाखवतो, आणि मध्ये एखादा आयकॉन वाढला की ती सरकते. आकड्यापुढे उणे चिन्ह असेल तर तो आयकॉनचा कायम क्रमांक धरला जातो. नव्या कामात उणेच वापरावं.

या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे चित्र पाहण्यासाठी प्रोग्रॅम चालवावा लागत नाही. लायब्ररी ‘डेटा म्हणून’ उघडता येते. तिच्यातली एकही आज्ञा चालत नाही. म्हणूनच अनोळखी प्रोग्रॅमचंही चित्र एक्सप्लोररला दाखवता येतं.

२०१९च्या सुमारास विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने अनेक प्रणाली-लायब्रऱ्यांमधली चित्रं ‘एमयूएन’ फाइलींत हलवली. विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनांतून वाचणाऱ्यांना फरक जाणवला नाही. लायब्ररीचे बाइट स्वतः उलगडणाऱ्या जुन्या साधनांना मात्र त्यांत आयकॉन सापडेनात.

१६-बिटी प्रोग्रॅम ६४-बिटी विंडोजवर चालत नाहीत, पण त्यांच्यातले आयकॉन अजून काढता येतात. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘लीप ऑफिस’सारख्या जुन्या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या सीडी, फ्लॉप्या कुणाकडे असतील, तर चालू होत नाही म्हणून त्या टाकून देऊ नयेत. आधी त्यांची नक्कल करून ठेवावी. चित्रं काढायला तेवढं पुरतं.